शिफारसपत्रात ‘क्रिएटिव्ह’ लिहावं, ‘इनोव्हेटिव्ह’ की ‘इन्जीनियस’?

पाटीपेन्सिल

मी सांगली भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. परदेशी एम.एस.साठी अर्ज करणारी मुलं शिफारसपत्र मागायला येतात आणि बहुतेक जण मसुदाही स्वतःच लिहून आणतात. मुलगा कोणीही असो, प्रकल्प कोणताही असो, पहिल्याच परिच्छेदात ‘क्रिएटिव्ह, इनोव्हेटिव्ह, आउट ऑफ द बॉक्स थिंकर’ ठरलेलं असतं.

सध्या आलेला मुलगा खरोखर वेगळा आहे. तासगावजवळ त्यांची बेदाण्याची शेड आहे. जाळीच्या रॅकवर सुकलेला बेदाणा खाली पाडायला माणसं रॅक हलवत बसतात. यानं जुन्या मिक्सरची मोटर घेतली, तिच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवलं आणि ती क्लॅम्पनं रॅकला आवळली. मोटर फिरली की रॅक थरथरते, बेदाणा आपोआप गळतो. खर्च नगण्य.

अशा मुलाला तीच तीन विशेषणं चिकटवणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो. या शब्दांत फरक नेमका काय? कोणता शब्द माणसाला लागतो, कोणता कल्पनेला, कोणता नुसत्या वस्तूला? जाणकारांनी सांगावं. पत्र या महिन्यात द्यायचं आहे.

अंजनवेल

विषय आवडला. माझ्या मते ‘क्रिएटिव्ह’ लिहून मोकळं व्हावं. सगळ्यांना कळतो.

लंडनवारी

@अंजनवेल, सगळ्यांना कळतो हीच अडचण आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात प्रवेश अर्ज वाचण्याच्या कामात मी काही वर्षं होते. दिवसभर पत्रं वाचली की ‘क्रिएटिव्ह’वरून नजर आपोआप पुढे सरकते. नोकरीसाठीच्या आत्मपरिचयांत अतिवापरानं झिजलेल्या शब्दांची यादी लिंक्डइन काढायचं, त्यात 2011 साली अमेरिकेत ‘क्रिएटिव्ह’च पहिला होता. तो शब्द वाईट नाही, पण त्यात चित्रकार, स्वयंपाकी, जाहिरातवाला, प्रोग्रॅमर सगळे मावतात. वाचणाऱ्याला त्यातून तुमचा मुलगा दिसत नाही.

वापराबद्दल थोडं. ‘क्रिएटिव्ह’, ‘इमॅजिनेटिव्ह’, ‘इन्व्हेंटिव्ह’ हे तिन्ही माणसाला आणि कामाला दोन्हीकडे चालतात. ‘नॉव्हेल’ म्हणजे नवा, आधी नसलेला, तो फक्त कल्पनेला, पद्धतीला किंवा उपायाला. ‘ही इज अ नॉव्हेल स्टुडंट’ असं मी भारतातून आलेल्या पत्रांत पाहिलंय, ते चुकीचं आहे. ‘ग्राउंडब्रेकिंग’ही कामालाच लागतो आणि तोही ज्यानं त्या विषयाची दिशा बदलली अशा कामाला. एम.एस.ला निघालेल्या मुलाच्या प्रकल्पाला तो लावला की बाकीच्या पत्रावरचा विश्वासही उडतो. ‘ओरिजिनल’ जपून वापरा. ‘ओरिजिनल थिंकर’ ही फार मोठी पावती आहे. पण ‘ही इज अ‍ॅन ओरिजिनल’ असं नाम म्हणून लिहिलंत तर अर्थ ‘हा एक नमुनाच आहे’च्या जवळ जातो. प्रेमानं म्हटलेला असेल, तरी नमुनाच.

खटपट्या

मेकॅनिकलवाला असल्यामुळे आधी त्या मोटरबद्दल. दांड्यावर एका बाजूला वजन लावून कंप निर्माण करणं ही जुनी युक्ती आहे. आपला फोन थरथरतो तो अशाच इवल्याशा मोटरनं, स्लॅबचं काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर त्याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे ‘ओरिजिनल’ आणि ‘नॉव्हेल’ दोन्ही बाद. पण माहीत असलेलं तत्त्व, भंगारातली वस्तू आणि घरातली अडचण ही तीन टोकं त्यानं एकत्र बांधली. याला इंग्रजीत नेमका शब्द आहे ‘इन्जीनियस’. उपायाला, यंत्राला, युक्तीला तो चपखल बसतो, आणि त्यात ‘साधनं थोडी, डोकं भरपूर’ अशी छटा आपोआप येते.

मात्र स्पेलिंग सांभाळा. ‘इन्जीनियस’ (ingenious) म्हणजे कल्पक आणि ‘इन्जेन्युअस’ (ingenuous) म्हणजे भोळाभाबडा, निष्कपट. एका अक्षराची हेराफेरी झाली की कल्पक मुलगा भाबडा होऊन अमेरिकेत पोचायचा.

गंमत म्हणजे ‘इन्जेन्युइटी’ हे नाम रूपानं त्या भाबड्या शब्दाच्या घरचं आहे, पण अर्थानं कधीच कल्पकतेच्या घरात जाऊन राहिलंय. नासानं मंगळावर पाठवलेल्या हेलिकॉप्टरचं नाव हेच. अलाबामातल्या एका भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीनं ते सुचवलं होतं. 19 एप्रिल 2021 ला ते पहिल्यांदा उडालं. ठरवलेली उड्डाणं पाच होती, झाली 72. नाव शोभलं.

शब्दवेडी

@खटपट्या, त्याच घराण्याची आणखी माणसं सांगते. लॅटिनमधला ‘इन्जेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. त्यातून ‘इन्जीनियस’ आला, त्यातूनच ‘इंजिन’ आणि ‘इंजिनियर’ आले. म्हणजे पाटीपेन्सिल ताईंचा विद्यार्थी इंजिनियर असून इन्जीनियस असेल तर ते एकाच मुळाशी परतणं आहे. ‘जीनियस’ही याच मुळाचा. रोमन लोकांत जीनियस म्हणजे जन्मापासून माणसाला सांभाळणारा रक्षक आत्मा. या सगळ्यांच्या तळाशी जन्माचा धातू आहे आणि तो आपल्या ‘जन्’ धातूचा सख्खा भाऊ आहे.

आपल्या काव्यशास्त्रात प्रतिभेची व्याख्या भट्टतौतानं केली आहे: ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’. सतत नवे धुमारे फुटणारी बुद्धी म्हणजे प्रतिभा. त्यातलं ‘नवनव’ मला फार मोलाचं वाटतं. एकदा सुचलं की झालं असं नाही, पुन्हा पुन्हा सुचलं पाहिजे. ‘क्रिएटिव्ह’ माणसाला लावताना मी हीच कसोटी लावते. एक युक्ती सुचली तर युक्ती कल्पक. वारंवार सुचत असेल तर माणूस कल्पक.

रोखठोक

व्युत्पत्ती वाचायला छान वाटते, पण प्रवेश समितीला लॅटिनशी देणंघेणं नाही. आणि माझा मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. मुलं हे शब्द का ओततात? कारण शाळेपासून त्यांना ‘चांगले शब्द’ पाठ करायला लावलेत. निबंधात जितकी जड विशेषणं तितके गुण. त्यांना पर्यायी विशेषणांची आणखी एक यादी देऊन काय होणार? उद्यापासून सगळ्या मसुद्यांत ‘इन्जीनियस’ दिसेल. विशेषण एकही नको. बेदाण्याची गोष्ट लिहा, पत्र संपवा.

लंडनवारी

@रोखठोक, अर्धं पटलं. गोष्ट हवीच, तिच्याशिवाय विशेषण पोकळ. पण दिवसाला ढीगभर पत्रं वाचणाऱ्या माणसाला त्या गोष्टीचा निष्कर्ष पत्र लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकायचा असतो. तुम्ही वर्षानुवर्षं मुलं पाहिलीत, याला तुम्ही कुठे ठेवता? ते एका नेमक्या शब्दात सांगणं हे शिक्षकाचं कामच आहे. एक शब्द, आधार दिलेला, योग्य जागी.

कायदेकानू

हा धागा माझ्या रोजच्या कामाचा निघाला. आमच्याकडे हे शब्द स्तुतीचे नाहीत, त्यांच्यावर दावे उभे राहतात आणि पडतात. त्यामुळे कायद्यानं त्यांना कसं बांधलंय ते सांगतो, फरक समजायला उपयोगी पडेल.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात संरक्षण मिळतं ते ‘ओरिजिनल’ साहित्यकृतीला, नाट्य, संगीत आणि कलाकृतीला. पण तिथे ‘ओरिजिनल’चा अर्थ ‘जगात आधी कधी नव्हतं’ असा नाही. ‘हे तुमच्याकडून निघालंय, कुणाचं उचललेलं नाही’ एवढाच आहे. दोन जणांनी एकमेकांना न पाहता सारखी कविता लिहिली तर दोन्ही ओरिजिनल. मग नुसती मेहनत पुरते का? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात सांगितलं की पुरत नाही. नावं वर्णानुक्रमे लावण्यात कष्ट असतील, पण क्रिएटिव्हिटीचा किमान अंशही नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा खटला आला. न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर सगळ्यांचाच, पण संपादकांनी त्यात परिच्छेद पाडले, क्रमांक दिले, कोणता न्यायाधीश कुठे सहमत आणि कुठे असहमत हे दाखवलं. यात त्यांचं कौशल्य आणि विवेक लागला, म्हणून त्या भागाला संरक्षण मिळालं. न्यायालयानं नुसत्या घामाची कसोटी नाकारली आणि क्रिएटिव्हिटीचा थोडा तरी अंश हवा असं सांगितलं. परिच्छेद पाडण्यातही निर्मिती असू शकते हे त्या निकालानं मान्य केलं, ते मला आजही सुंदर वाटतं.

पेटंट हा वेगळा प्रांत. 1970 च्या कायद्यानुसार शोध नवा हवा, उद्योगात वापरता येणारा हवा आणि त्यात ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’ हवी. म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचली नसती अशी पायरी. ‘नॉव्हेल’ आणि ‘इन्व्हेंटिव्ह’ यांतला फरक इथे लख्ख दिसतो. आधी कुणी केलं नाही म्हणजे नॉव्हेल. कुणालाही सहज सुचलं नसतं म्हणजे इन्व्हेंटिव्ह. आधी कुणी केलेलं नाही पण कुणालाही सुचलं असतं, अशी कामं ढिगानं येतात आणि नाकारली जातात.

आता मोटर. @खटपट्या म्हणतात तसं तत्त्व जुनं. पण बेदाण्याच्या रॅकला, फळ न चिरडता, नेमका किती कंप द्यायचा हे त्या मुलानं शोधून काढलं असेल तर गोष्ट वेगळी. ताई, हे त्याला विचाराच. आणि पेटंट घ्यायचा विचार असेल तर आधी कुठे प्रसिद्ध करू नका म्हणावं, नावीन्य तिथेच संपतं.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. कायदेकानू, यावर वेगळा धागा काढा.

न्यूजर्सीकर

‘डिसरप्टिव्ह’ कुणी घेतला नाही अजून? 1990 च्या दशकात व्यवस्थापनाचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सननी ‘डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी’, म्हणजे प्रस्थापित धंदे उलथवणारं तंत्रज्ञान, ही कल्पना मांडली आणि तेव्हापासून व्यवसायाच्या भाषेत तो शब्द मानाचा झाला. आमच्या ऑफिसात ज्याच्या कल्पनेला ‘डिसरप्टिव्ह’ म्हणतात तो खूश होऊन घरी जातो. माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी ‘डिसरप्टिव्ह’ (वर्गात गोंधळ घालणारा) लिहिलं तेव्हा मात्र आम्हाला भेटायला बोलावलं होतं. त्यामुळे शिफारसपत्रात हा शब्द अजिबात नको, वाचणारी व्यक्ती शिक्षकच असणार आहे.

‘मॅव्हरिक’लाही हाच धोका. टेक्सासमध्ये सॅम्युअल मॅव्हरिक नावाचा जमीनदार आपल्या गुरांना मालकीची खूण म्हणून डाग देत नसे. बाकी सगळे देत. मग बिनडागाचं वासरू दिसलं की लोक म्हणायचे, मॅव्हरिकचं. पुढे कुठल्याच कळपाचा नसलेला माणूस तो मॅव्हरिक. शास्त्रज्ञाच्या चरित्रात हा शब्द शोभतो. प्रयोगशाळेत चार जणांबरोबर काम करायला निघालेल्या मुलाबद्दल लिहिलात तर प्राध्यापकाला वाटायचं, हा माझं ऐकेल का?

उंबरठा

मी मुंबईत जाहिरात क्षेत्रात आहे. आमच्याकडे ‘क्रिएटिव्ह’ हे नाम आहे. ‘क्रिएटिव्ह कुठे आहे?’ म्हणजे जाहिरातीचं चित्र तयार झालं का. ‘क्रिएटिव्हला बोलाव’ म्हणजे लिहिणाऱ्याला किंवा डिझायनरला. कौतुकाचा त्यात लवलेश नाही, तो हुद्दा आहे. आम्हाला खरंच काही आवडलं तर आम्ही ‘फ्रेश’ म्हणतो.

आणि ‘ब्रेनस्टॉर्म’ आमच्याच धंद्यातून सगळीकडे पसरला. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरातवाल्यानं ती पद्धत लोकप्रिय केली. त्याआधी या शब्दाचा अर्थ डोकं फिरल्याचा झटका असा होता. सोमवारच्या मीटिंगनंतर मला जुना अर्थही पटतो.

खटपट्या

‘आउट ऑफ द बॉक्स’बद्दल एक सांगायचं राहिलं. नऊ ठिपक्यांचं कोडं आठवतं? कागद न सोडता चार सरळ रेघांत नऊही ठिपके जोडायचे. रेघ ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर नेल्याशिवाय सुटत नाही. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे कोडं फार फिरलं आणि हा वाक्प्रयोग त्याच्याशी जोडला गेला. पण इंग्रजीत रूढ रूप ‘थिंक आउटसाइड द बॉक्स’ आहे. ‘आउट ऑफ द बॉक्स’ सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी असतो आणि त्याचा अर्थ ‘खोक्यातून काढलं की लगेच चालणारं’. म्हणजे ‘आउट ऑफ द बॉक्स सोल्यूशन’ हे एखाद्याला तयार, विकतचं उत्तर वाटू शकतं, नेमकं उलट. अमेरिकेत ‘वेगळा विचार’ हा अर्थही आता चालतो म्हणा. तरी इतका मळलेला शब्द कल्पकतेसाठी वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

शब्दवेडी

@रोखठोक, शब्दांचा इतिहास पत्राच्या कामाचा नाही हे मला मान्य नाही. शब्दाला किती भार पेलवतो हे इतिहासावरूनच कळतं. ‘इनोव्हेशन’ पाहा. 1548 मध्ये इंग्लंडच्या सहाव्या एडवर्डच्या काळात नवे पायंडे पाडणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा निघाला होता, धर्मविधीत कुणी मनाचे बदल करू नयेत म्हणून. पुढे बराच काळ इनोव्हेटर म्हणजे स्थिर व्यवस्था बिघडवणारा असाच अर्थ होता. विसाव्या शतकात अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटरनं ‘इन्व्हेन्शन’ आणि ‘इनोव्हेशन’ वेगळे केले. शोध लावणं एक, तो बाजारात आणि व्यवहारात उतरवणं दुसरं. आजही नीट वापरलात तर ‘इनोव्हेटिव्ह’मध्ये ‘आणि हे प्रत्यक्ष वापरात आलं’ हे गृहीत असतं.

आपल्याकडचे लोक घेऊन बघा. शंकर आबाजी भिसे, 1867 ते 1935, टाइप ओतण्याचं यंत्र केलं, ‘भिसोटाइप’. ते निःसंशय इन्व्हेंटर. दादासाहेब फाळके इन्व्हेंटर नव्हेत, कॅमेरा त्यांनी लंडनहून आणला. पण कुणी पैसे लावावेत म्हणून त्यांनी आधी वाटाण्याचं रोप वाढताना एकेक चित्र टिपून फिल्म करून दाखवली. आणि मग 1913 मध्ये अख्खा चित्रपट उभा केला, कलाकारांपासून प्रयोगशाळेपर्यंत. त्यांना ‘पायोनियर’ म्हणतात ते अगदी बरोबर. पायोनियर म्हणजे मूळचा सैन्यापुढे जाऊन रस्ता मोकळा करणारा शिपाई. मागून कुणीतरी यावं लागतं, तेव्हाच तो शब्द खरा होतो.

कोल्हापुरी_मिरची

बाबूराव पेंटर विसरलात! बाहेरून कॅमेरा मिळेना तर कोल्हापुरातच स्वतः बनवला, आणि त्यावर चित्रपट काढले. तुमच्या यादीत ते ‘इन्जीनियस’मध्ये बसतात. हाताशी काय आहे ते बघून करून दाखवणारे. त्यांच्याबद्दल मला कायम वाटतं की यांना पुण्या-मुंबईच्या मानानं कमी शब्द मिळाले, मराठीतही आणि इंग्रजीतही.

शब्दवेडी

@कोल्हापुरी_मिरची, शंभर टक्के. आणि चित्रकारही मोठे. तिथे मी एकाच वेळी ‘क्रिएटिव्ह’ आणि ‘इन्जीनियस’ दोन्ही लावेन.

गावकूस

अवांतर: ‘युनिक’बद्दल कुणीतरी बोला. बाळाला युनिक नाव हवं, लग्नपत्रिका युनिक हवी, गणपतीची आरास युनिक हवी. आमच्या गल्लीत एकाच वयाच्या तीन मुलींचं ‘युनिक’ नाव एकच आहे. आणि ‘व्हेरी युनिक’ बरोबर का?

लंडनवारी

@गावकूस, बोलताना चालून जातं. लिहिताना जुन्या शिस्तीचे लोक अडतात, कारण एकमेव गोष्ट ‘फार एकमेव’ कशी असेल? पत्रात टाळा. आणखी एक शब्द सांगते, ‘रिसोर्सफुल’. आपल्याकडून आलेल्या पत्रांत तो क्वचित दिसतो आणि भारतातल्या मुलांना तोच सर्वात जास्त लागू असतो. अडचणीतून, आहे त्यातून वाट काढणारा. प्रयोगशाळेत दरवेळी उपकरण मागवून मिळत नाही, त्यामुळे प्राध्यापकांना अशी मुलं हवी असतात. इंग्लंडमध्ये ‘क्लेव्हर’ मात्र सांभाळून. तो कधीकधी ‘अतिशहाणा’कडे झुकतो.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. कायदेकानूंनी सांगितल्याप्रमाणे मुलाशी बोलले. त्यानं वजन बदलून बदलून पाहिलं होतं. जास्त वजनानं बेदाणा फुटायचा, कमी वजनानं देठाला चिकटून राहायचा. प्रत्येक वेळचं वजन आणि निकाल वहीत लिहून ठेवलाय, मी ती वही डोळ्यांनी पाहिली. हे त्यानं मसुद्यात लिहिलंच नव्हतं! त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही. त्याऐवजी ‘आउट ऑफ द बॉक्स’ लिहिलं होतं. मला याचं फार वाईट वाटलं. खरं कर्तृत्व वहीत राहिलं आणि कागदावर उसने शब्द आले.

पत्र असं करतेय. आधी शेड, मोटर, वही. मग एक वाक्य: उपाय ‘इन्जीनियस’ आणि मुलगा ‘रिसोर्सफुल’. ‘इनोव्हेटिव्ह’ लिहू का? शेजारच्या दोन शेडवाल्यांनी तसंच यंत्र बसवून घेतलंय.

शब्दवेडी

मग बिनधास्त लिहा, दुसऱ्यांनी वापरायला घेतलं म्हणजे तो शब्द कमावलेला आहे. पण तोही उपायाला लावा.

रोखठोक

तीन विशेषणं झाली परत. ‘इनोव्हेटिव्ह’ऐवजी ‘शेजारच्या दोन शेडमध्ये आज हे यंत्र चालू आहे’ एवढं लिहा. वहीचं मात्र सविस्तर लिहा, मी समितीत असतो तर त्या वहीवर प्रवेश दिला असता.

खटपट्या

रोखठोकशी सहमत. आणि ताई, त्या एका बाजूला बसवलेल्या वजनाला इंग्रजीत ‘एक्सेंट्रिक वेट’ म्हणतात. पत्रात तांत्रिक शब्द बरोबर जाऊ द्या, वाचणारा यंत्रवाला असेल तर त्याला तेवढ्यानंच कळेल.

अंजनवेल

एक्सेंट्रिक म्हणजे चक्रम ना? मुलाला लागणार नाही ना ते?

खटपट्या

नाही नाही, वजनालाच लागेल. केंद्रापासून सरकलेलं ते एक्सेंट्रिक. माणसांना नंतर म्हणायला लागले. वाक्यात ‘वेट’च्या शेजारी ठेवा, मुलाच्या नावापासून लांब.

कायदेकानू

वहीतल्या नोंदींवर तारखा आहेत का? नसतील तर आजपासून घालायला सांगा, आणि दोन शेडवाल्यांकडे यंत्र कधी बसवलं ते लिहून ठेवा. उघड वापर आधीच सुरू झालाय, त्यामुळे पेटंटचा प्रश्न एखाद्या पेटंट एजंटला दाखवूनच ठरवावा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.